खाणीचा उपसा मोजा, मग विहिरींचं बोला

महोदय,

आमच्या शिवाराला लागून खडीची खाण आहे. तिच्या तळाला मोठा पंप बसल्यापासून पाणी ओढ्यात जातं आणि माझ्या विहिरीवरची मोटर मार्चमध्येच हवा ओढू लागते. खाणवाले म्हणतात, पाऊस कमी झाला. असेलही. पण हे तोंडाच्या वाफेवर कशाला ठरवायचं?

आपल्याकडचा काळा दगड स्वतः फारसं पाणी धरत नाही. पाणी असतं वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. त्यामुळे उपशाचा परिणाम चारी बाजूंना सारखा होत नाही. लांबची विहीर आटते आणि बांधालगतची भरलेली राहते, असंही घडतं. पाहणीला आलेल्यांना नेमकी हीच भरलेली विहीर दाखवली गेली!

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. खाणीसाठी तेवढं पुरणार नाही. खाणीचा पंप चालू असताना आणि बंद ठेवून, दोन्ही वेळा आसपासच्या विहिरींत टेप सोडून रोज पातळी घ्यावी. तेवढे दिवस आम्हीही मोटरी बंद ठेवू, नाहीतर खापर कुणावर फोडायचं तेच कळणार नाही. तुलनेला ओढ्यापलीकडची दूरची विहीर धरावी. पंप थांबल्यावर आमची चढली आणि ती नाही, तर पावसाचं निमित्त टिकत नाही. खाणीच्या पाइपला मीटरही हवा. मोजणी उन्हाळ्यातच व्हावी. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर असताना सगळ्याच विहिरी तुडुंब असतात.

— एक ऊस उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर