एक प्रत साताऱ्याला

रेइने, लोफोटेन, नॉर्वे
२३ जून

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार. आजीलाही माझा नमस्कार सांगा आणि हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा. यातली निम्मी गोष्ट तिचीच आहे.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि टेबलावर ऊन पडलंय. इथे जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही. समोर कॉड मासा सुकवायच्या लाकडी मांडवांच्या रांगा आहेत, मासा काढून नेलाय, वास मात्र तसाच आहे. मागे डोंगर सरळ पाण्यातून वर आलेले. फोटो काढून माझं मन भरत नाही. पण आज फोटोंबद्दलच एक काम सांगायचंय, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितेय.

घरून निघाल्यापासून माझी एक सवय होती. अंधार पडला की खोलीवर यायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावायचं, फोटो उतरवायचे, तेच परत छोट्या डिस्कवर टाकायचे, आणि मग कार्ड मोकळं करायचं. बर्गनमध्येही उशिरा का होईना, अंधार पडायचा. इथे तो पडतच नाही. बोडोहून मॉस्केनेसला येणाऱ्या बोटीतून उतरले तेव्हा किती वाजलेत हेच अंगाला कळत नव्हतं. फोटो उतरवायला लावले आणि झोपले. सकाळी लॅपटॉपवर 'बर्गन' नावाचा फोल्डर दिसला, म्हणजे काम झालं असं समजून कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट केलं. मग फोल्डर उघडला, तर ४१२ पैकी १७० फोटो. मध्येच लॅपटॉप बंद पडला होता. बर्गनच्या धक्क्यावरची ती जुनी लाकडी घरं, १७०२च्या आगीनंतर पुन्हा पहिल्यासारखीच बांधलेली, त्यांच्यासाठी मी दोन दिवस पावसात उभी होते. ते सगळं गेलं असं वाटून रडू आलं.

बाबा, एवढं लक्षात ठेवा, कधी तुमच्यावर अशी वेळ आली तर. कार्ड ताबडतोब बाहेर काढायचं, त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. कॅमेरा फॉरमॅट करतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त यादी पुसतो. ग्रंथालयातली सूची कुणी फेकून दिली तरी पुस्तकं कपाटात असतातच, तसं. पण त्या जागेवर नवीन पुस्तक ठेवलं की जुनं कायमचं गेलं. फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, तो यादी न बघता अख्खं कार्ड चाळतो. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसून मी तो चालवला. दोनेक तासांत जवळजवळ सगळे फोटो आले. नावं गेली, क्रम विस्कटला, पण प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख-वेळ नोंदलेली असते, त्यावरून परत लावता आले. नऊ फोटो अर्धे करडे निघाले, ते गेलेच.

त्या दोन तासांत मला आजीच्या लग्नाचा फोटो आठवत होता.

आजी नेहमी सांगते ना, १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा ती अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडली. ट्रंकेत लग्नाचे सगळे फोटो होते. पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली, आत नुसता चिखल. आज दिवाणखान्यात जो फोटो आहे तो वाचलेला नाही, तो आलेला आहे. लग्नानंतर आजोबांनी एक प्रत साताऱ्याला त्यांच्या बहिणीकडे पाठवली होती. तिनं ती पुरानंतर परत दिली. मागे शाईनं लिहिलंय, 'वन्संना, आठवण म्हणून'. लहानपणापासून मी ते वाचत आलेय, पण फोटो आपल्याकडे आहे तो साताऱ्यामुळे, हे इथे बसून नीट उमगलं. फोटोग्राफर लोकांचा नियमही तोच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आजोबांनी तिसरी अट पाळली होती.

मी आता असं करते. उजेड असो नसो, जेवणाआधी फोटो उतरवायचे. संख्या जुळवायची, चार-पाच फोटो उघडून बघायचे. लॅपटॉप आणि डिस्क दोन्हीवर आल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत, डिस्क पासपोर्टबरोबर कमरेच्या पाकिटात. पिशवी चोरीला गेली तरी फोटो जाणार नाहीत.

आई म्हणेल, इंटरनेटवर का नाही टाकत? निवडक टाकते. पण माझा एकेक फोटो साधारण २५ एमबीचा, दिवसाला दोनशे म्हणजे ५ जीबी. हॉस्टेलच्या वायफायला वर चढवायचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला तरी एका दिवसाच्या फोटोंना सव्वादोन तास लागतात, आणि तेवढा वेग रोज मिळत नाही.

आणि आई, तुला मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते ते फोटो बघायला ठीक, जपायला नाहीत. ते लहान होऊन पोचतात. मूळ फोटो हवा असेल तर मी डॉक्युमेंट म्हणून पाठवीन. बाबा, तुमचा फोन भरला की तुम्ही फोटो पुसता आणि म्हणता, गूगलवर आहेतच. फोन आणि गूगल जोडलेले असताना गूगल फोटोजमधून पुसलं की दोन्हीकडून जातं. कचऱ्याच्या डब्यात ६० दिवस राहतं, मग संपलं. जागा हवी असेल तर त्यातच फक्त फोनवरची जागा मोकळी करायची सोय आहे, ती वापरा. फुकटातले १५ जीबी मेललाही मिळूनच आहेत, ते भरले तर तुमच्या पेन्शनच्या मेलही येणार नाहीत.

आता काम. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण पुढच्या आठवड्यात कोथरूडला तिच्या घरी येतेय. तिच्याबरोबर एक डिस्क पाठवतेय, हिरव्या कापडी पिशवीत. आत माझे आत्तापर्यंतचे सगळे फोटो आहेत. ती आपल्या घरी ठेवू नका. घरी जुन्या अल्बमचं कपाट आहे, गणपतीचे फोटो आहेत, आजीचा फोटो आहे. सगळं एकाच भिंतीला टेकून नको. आत्याला साताऱ्याला नेऊन द्या. फिरत्या तबकडीची डिस्क आहे, धक्का लागू देऊ नका, एसटीत मांडीवर घ्या. दिवाळीत तिच्याकडे जाल तेव्हा लॅपटॉपला जोडून चार फोटो उघडून बघा, नुसती ठेवून दिलेली डिस्कही कधी रुसते.

साताऱ्याला जायच्या आधी अजून एक. आजीचा फोटो चौकटीतून काढून चांगल्या स्टुडिओत स्कॅन करून घ्या, पुढची बाजू आणि मागची शाईसुद्धा. ती फाईल त्याच डिस्कवर टाका. चौकट उघडताना आजीला समोर बसवा, तिला विचारल्याशिवाय खिळा काढू नका.

उद्या सकाळी बोटीनं परत निघतेय. बर्गनला पोचले की फोन करते.

तुमची,
मनू