शेवटच्या सुईनंतर मूल कुठे जातं?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : ग्रोथ हार्मोन घेतलेल्या मुलांची आयुष्यभराची नोंदवही

महोदय,

सप्रेम नमस्कार. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या ग्रोथ हार्मोनच्या, म्हणजे उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या, इंजेक्शनाला आपण नुकतीच वाट मोकळी करून दिलीत, त्याबद्दल अभिनंदन. रोज रात्रीची सुई टळली, यापेक्षा मुलांना दुसरं काय हवं? पण त्याच सुमारास आपण एक शब्दही दिला होता. हा उपचार घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही सहा महिन्यांत उघडू, असं म्हणाला होतात. मुदत टळल्यावर विचारणा केली तेव्हा आपल्या विभागाचं दीड ओळीचं उत्तर आलं : 'सदर बाब विचाराधीन आहे.' साहेब, सदर बाब म्हणजे मुलं आहेत.

आम्ही या औषधाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आमच्यावर तोच शिक्का मारून फाइल बंद होईल. ज्या बाळाची मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी हे संप्रेरक बनवतच नाही, ज्याची रक्तातली साखर वारंवार धोकादायक पातळीपर्यंत घसरते, त्याला ते मिळायलाच हवं. टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं, असलेल्या मुलींनाही त्याचा फायदा होतो. आमचा प्रश्न पुढचा आहे. उंची वाढणं थांबलं, शेवटची सुई टोचली, फाइल कपाटात गेली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्या मुलाचं काय झालं, हे पाहणारं कोण?

'इतकी काय घाई?' असं आपल्या विभागात कुणाला वाटत असेल, तर त्यांनी जुना इतिहास वाचावा. १९८५ पर्यंत हे संप्रेरक मृतांच्या पिट्यूटरीतून काढलं जायचं. औषध उत्तम, उंची वाढतेय, सगळे खूश. मग त्यातल्या काही मुलांना ऐन तारुण्यात क्रॉयट्झफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा, हमखास जीव घेणारा आजार झाला. एकट्या फ्रान्समध्ये शंभराहून जास्त जण गेले. काहींना तो शेवटच्या इंजेक्शनानंतर दोन-तीन दशकांनी झाला. ब्रिटनमध्ये हे औषध १,८०० हून जास्त मुलांना दिलं गेलं होतं, हे आज सांगता येतं, कारण कुणीतरी नावं लिहून ठेवली होती. त्या नावांमुळेच २०२४ मध्ये दुसरी गोष्टही उजेडात आली : त्यांच्यापैकी काहींना चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश झाला, आणि दूषित औषधातून गेलेलं, मेंदूत साचणारं अमायलॉइड प्रथिन हे त्याचं कारण दिसतंय.

आजचं औषध प्रयोगशाळेत बनतं, त्यात हा धोका नाही. मान्य. पण पेशींना 'वाढा' असा हुकूम सोडणारं औषध वर्षानुवर्षं दिलं, तर पुढे काय होतं, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. फ्रान्समध्ये १९८५ नंतर उपचार घेतलेल्या ६,९२८ जणांचा हिशेब २०१२ मध्ये आला. मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त, मेंदूतल्या रक्तस्रावाने आणि हाडांच्या गाठींनी गेलेले त्यात उठून दिसणारे, आणि दिवसाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर डोस घेतलेल्यांत हे प्रमाण आणखी वाढलेलं. पुढे आठ युरोपीय देशांतल्या सुमारे २४,००० जणांचा अभ्यास झाला. २०२० च्या त्या निष्कर्षांत मूळचा मोठा आजार नसलेल्या मुलांत एकूण मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, डोसशीही नातं दिसलं नाही. पण रक्ताभिसरणाच्या आजारांनी झालेले मृत्यू मात्र जास्त होते. कर्करोगाचंही तसंच. आधी कर्करोग नसलेल्यांत एकूण प्रमाण वाढलं नाही, हाडाचा आणि मूत्राशयाचा मात्र जास्त सापडला. स्वीडनमधल्या ३,४०८ जणांत हृदयरोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, मुलींमध्ये अधिकच. प्रत्यक्ष आकडे लहान आहेत आणि कारण औषध, की मुळातलं खुजेपण, की जन्मवेळचं कमी वजन, हे सांगता येत नाही.

का सांगता येत नाही? कारण तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी होते. तितकीच खुजी, तितक्याच कमी वजनाने जन्मलेली, पण औषध न घेतलेली मुलं तुलनेला हवीत, आणि ती कुणीच मोजलेली नसतात. औषध कंपन्यांच्या मोठमोठ्या नोंदवह्या होत्या, एकीत तर ८३,००० हून जास्त मुलं होती. पण उपचार थांबला की मूल तिथून बाहेर. ज्या दिवशी मोजायला सुरुवात व्हायला हवी, नेमकं त्या दिवशी वही मिटते! रुग्ण बरा होऊन घरी गेला, असं लिहून मोकळं व्हायला हा काय सर्दी-खोकला आहे?

आता डोसाकडे या. ३० किलोच्या मुलाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम म्हणजे रोज ०.९ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट, म्हणून तेच २.७ युनिट. कागदावर डॉक्टरांनी युनिट लिहिलं आणि इंजेक्शनाच्या पेनावरची डोस ठरवणारी चकती मिलिग्रॅमची असली, तर '२.७' फिरवणारा बाप मुलाला तिप्पट औषध देतो, किलोमागे ९० मायक्रोग्रॅम. उलट झालं तर एक तृतीयांशच जातं आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणून पुढच्या भेटीत डोस वाढतो. आपण वाट मोकळी केलेल्या साप्ताहिक औषधांत तर गंमतच आहे. त्याच मुलाला सोमापॅसिटान आठवड्याला ४.८ मिलिग्रॅम, लोनापेगसोमाट्रोपिन ७.२ आणि सोमाट्रोगॉन १९.८ लागतं. साठा संपला म्हणून एकाच्या जागी दुसरं दिलं आणि जुनाच आकडा फिरवला, तर काय होईल याचा हिशेब आपल्या विभागाने करावा, गुणाकार-भागाकारच आहे. आयजीएफ-१ ची, म्हणजे औषधाचा परिणाम दाखवणाऱ्या संप्रेरकाची, रक्ततपासणीही आता वाटेल त्या दिवशी चालत नाही. इंजेक्शनानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी चढलेली असते, आठवड्याच्या शेवटी उतरते. सरासरी साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी कळते. रिपोर्टवर 'शेवटचं इंजेक्शन कधी' हा रकाना आहे का? नाही. मग तो आकडा घेऊन डोस कमी करायचा की वाढवायचा, हे कुणाला विचारायचं?

आणि या औषधाच्या दुष्परिणामांची लगेच दिसणारी लक्षणं तरी कुणी नीट पाहतं का? मूल लंगडतं, गुडघा दुखतो म्हणतं. गुडघ्याला मलम चोळलं जातं, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो स्वच्छ येतो. दुखणं खुब्यात असतं : मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या चकतीवरून घसरलेलं असतं. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे, एक समोरून आणि एक पाय बेडकासारखे फाकवून, एवढं केलं की सापडतं. तोवर त्या पायावर भार टाकायचा नाही. पहिल्या काही आठवड्यांत सकाळी डोकं दुखणं, उलट्या, एकाचे दोन दिसणं सुरू झालं, तर डोळ्याचा पडदा त्याच दिवशी तपासून औषध थांबवायचं. पुढे परत सुरू करायचं झालं तर कमी डोसाने. पाठीचा बाक आधीच असेल तर वेगाने वाढणाऱ्या उंचीबरोबर तोही वाढतो. लपलेली थायरॉइडची किंवा कॉर्टिसॉलची कमतरता उघडी पडते. प्रॅडर-विली हा जनुकीय आजार असलेल्या अतिलठ्ठ, झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांत मृत्यू झालेले आहेत, म्हणून त्यांची झोपेची तपासणी आधी. लहानपणी कर्करोगासाठी डोक्याला रेडिएशन घेतलेल्यांत दुसऱ्या गाठीचा, विशेषतः मेनिन्जिओमाचा (मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा), धोका सांगितलेला आहे. हे सगळं औषधाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. जबाबदारी संपली!

नुसत्या बुटकेपणासाठी, म्हणजे तपासण्या नॉर्मल असताना, हे औषध देण्याची टूम तर वेगळीच. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये परवानगी मिळाली. रोजची सुई असेल तर वर्षाच्या ३६५, आठ वर्षं धरली तर २,९२० (लीप वर्षं आम्ही सरकारला माफ केली). मिळकत सरासरी चार-पाच सेंटिमीटर, काहींना तीही नाही. पालकांना हा सौदा कुणी उलगडून सांगतो का?

नोंदवहीला पैसा नाही, असंही कानावर आलं. औषधाच्या खरेदीला आहे, उद्घाटनाला आहे, फलकाला आहे; वहीला नाही. ही एकट्या आपल्या खात्याची तऱ्हा नव्हे. पूल बांधायचा, मग तपासायचा नाही. लस, यंत्र, शाळा, सगळ्यांचं तेच. जे मोजलं जात नाही त्याची कुणाला शिक्षा होत नाही, हे इथल्या खुर्च्यांना फार पूर्वी कळलेलं आहे, आणि 'गैरप्रकार आढळून आला नाही' हे वाक्य शोधणाऱ्याला तर पुरस्कारच द्यायला हवा.

वहीत काय हवं ते परत लिहितो. निदान, आणि ते कोणत्या दोन चाचण्यांवर झालं. जन्मवेळचं वजन. आधी कर्करोग किंवा रेडिएशन. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, किलोमागे डोस, प्रत्येक बदलाची तारीख. आयजीएफ-१, इंजेक्शनानंतरच्या दिवसासह. थांबवल्याची तारीख आणि कारण. उंची पूर्ण झाल्यावर किमान एक महिना औषध बंद ठेवून केलेली फेरतपासणी, कारण फक्त या एकाच संप्रेरकाची कमतरता ठरलेल्या कितीतरी मुलांत ती तेव्हा नॉर्मल येते. आणि एक कायमचा क्रमांक, जो कर्करोगाच्या आणि मृत्यूच्या नोंदींशी जोडलेला असेल, मूल साठ वर्षांचं होईपर्यंत.

हे सगळं एका पानावर मावतं. तो नमुना सोबत जोडला आहे. ही तिसरी प्रत. पहिल्या दोन विचाराधीन आहेत.

आपले,
या मुलांना पेन धरायला शिकवणारे काही जण