भाकरी हातमोजे घालून थापत नाहीत

प्रति,
ग्राहक तक्रार विभागप्रमुख

विषय : तुमच्या अँटिबॅक्टेरियल हँडवॉशचे पाच लिटरचे कॅन आणि तुमच्या माणसाने दिलेला सल्ला

तक्रार क्रमांक लिहीत नाही. चार फोनांत चार वेगवेगळे मिळालेत, त्यातला खरा कुठला ते तुम्हीच ठरवा.

सांगलीत विश्रामबागेत माझी खानावळ आहे. गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची पोरं. भाकऱ्या दोन मावशी थापतात आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस वेळा त्यांचं हात धुणं होतं. दिवाळीनंतर तुमचा विक्रेता आला आणि ‘९९.९ टक्के जंतू खलास’ म्हणत तीन कॅन गळ्यात मारून गेला. महिन्याभरात थोरल्या मावशींच्या पेरांवर भेगा पडल्या. गरम पाण्यात ज्वारीचं पीठ मळताना त्या हात मागं घ्यायच्या. विचारलं की म्हणायच्या, “काय न्हाई, थंडीनं झालंय.” एक दिवस परातीत पिठाला लाल डाग दिसला. ते परातभर पीठ मी टाकून दिलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सारखं हात धुण्यानंही होतं, साबणातल्या सुगंधानंही, जंतुनाशकानंही, आधी आत काय आहे ते आणा. वापरातल्या कॅनवरचा कागद पाण्यानं गेला होता. सीलबंद कॅनवरचं मुंगीएवढं इंग्रजी माझ्या भाच्यानं मोबाइलमध्ये मोठं करून वाचलं : ट्रायक्लोसान, म्हणजे जंतू मारणारं रसायन. म्हणून तुम्हाला फोन केला. दोनच प्रश्न होते. हे किती टक्के घातलंय, आणि कशासाठी?

पहिल्या तीन फोनांबद्दल काय लिहायचं, सगळा वेळ तुमची जाहिरातच ऐकली. चौथा मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे. अकरा मिनिटं थांबवून एक साहेब आले. मी ट्रायक्लोसान म्हटल्यावर म्हणाले, “मॅडम, ते केमिकल नाही, ते जर्म प्रोटेक्शन आहे.” बरं. टक्केवारी विचारली तर “ती गोपनीय माहिती आहे.” मावशींच्या हाताचं सांगितलं तर “मग त्यांना ग्लोव्हज घालून करायला सांगा ना.” मी म्हटलं, भाकरी थापतात त्या. यावर साहेब थोडं थांबले आणि विचारलं, “भाकरी म्हणजे चपातीच ना?” मी सांगत बसले की नाही, ती लाटत नाहीत, हातानं थापतात, तळव्याला कळतं कुठं जाड राहिली ते. त्यावर उत्तर आलं, “मशीन मिळतं मॅडम, ऑनलाइन बघा.” पुढे विचारतात, “आणखी काही मदत करू शकतो का?” आणखी? आधी कुठली केली होती?

तुम्हाला तुमचा माल माहीत असेलच, तरी सांगते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान धरून १९ घटक घरगुती अँटिबॅक्टेरियल साबण आणि हँडवॉशमधून बाद केले. कारण वर्षानुवर्षं रोज वापरलं तरी धोका नाही, आणि साध्या साबण-पाण्यापेक्षा हे जास्त काम करतं, यातलं काहीच कंपन्यांना दाखवता आलं नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हार्मोन्सवर परिणाम दिसलेत, जंतू औषधाला दाद देईनासे होतील ही भीती आहेच. साधा साबण जंतू तेलकटपणाबरोबर सुटे करून पाण्यानं वाहून नेतो, वीस सेकंद नीट चोळलं की झालं. मग माझ्याकडून जादा पैसे कशाचे घेतलेत?

आणि वर ते कूपन! ‘नैसर्गिक पर्याय’ म्हणून तुमच्याच हळद-कडुनिंब हँडवॉशवर २० टक्के सूट. बाटली आणवली. पुढे हळकुंड आणि पाला, मागे भाच्यानं वाचलं तर तेच ट्रायक्लोसान. अहो, सांगलीत हळद विकायला आलात? इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पेठेतून नुसतं चालत गेलं तरी कपड्यांना वास लागतो.

सध्या साधी साबणवडी वापरतोय, भांड्यांचा तेलकटपणा लागला तर हातांना आधी डाळीचं पीठ, रात्री कोकमाचं तेल. रिठाही करून पाहिला. त्याचं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं आणि डोळ्यात गेलं तर देव आठवतो, नैसर्गिक असलं म्हणून काय झालं. पण त्यात काय आहे हे मला फोन न करता कळतं. भेगा भरत आल्यात. डॉक्टर अजूनही ठाम कारण सांगत नाहीत, कारण तुम्ही टक्केवारी सांगत नाही.

माझ्या सासूबाईंच्या काळापासून तुमचा साबण घरात आहे, म्हणून एवढं लिहिलं. नाहीतर सरळ १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला असता. पंधरा दिवसांत टक्केवारी लेखी आली नाही तर तो लावणार आहे, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग इथंच सांगलीत आहे, रिक्षानं जाता येतं.

दोन कॅन सीलबंद आहेत. ओतून द्यायचे तर आमच्या सांडपाण्याचा शेवट कृष्णेत होतो, ते मी करणार नाही. माणूस पाठवून घेऊन जा आणि तिन्ही कॅनचे पैसे द्या. सकाळी अकराच्या आत पाठवा, नंतर ताटं लागतात. त्या भाकरी-चपातीवाल्या साहेबांनाच पाठवलंत तर बरं, जेवूनच जाऊ देत.

खानावळ चालक, विश्रामबाग, सांगली

सोबत : तुमचं कूपन, न वापरलेलं