शेवटच्या नळाचे क्लोरीन जाहीर करा

पावसाळ्यात गढूळ पाण्याची तक्रार केली की ‘जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी शुद्धच सुटते’ हे पालिकेचे उत्तर ठरलेले. ते बहुतेकदा खरेही असते. तुरटीने गाळ जड होऊन तळाशी बसतो, उरलेला वाळूच्या थरांत अडकतो, शेवटी क्लोरीन जंतू मारते. पण पुढे जुन्या जलवाहिन्या आहेत, गटाराला खेटून गेलेले जोड आहेत आणि पाणी येते दिवसातून काही तासच. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणूनच भारतीय मानकात नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन सांगितले आहे. ते तपासणे अवघडही नाही. परीक्षानळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले नाही, तर क्लोरीन संपले! २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याचे नमुने घेण्याची धावपळ झाली. एरवी का नाही? प्रत्येक प्रभागातील शेवटच्या नळाच्या क्लोरीनची नोंद पालिकेने दर आठवड्याला जाहीर करावी. क्लोरीन आढळले नाही, तर त्या भागाला पाणी उकळून पिण्याची सूचना त्याच दिवशी द्यावी.

– एक वाचक, पुणे