मोतद्दाराला आधी विचारणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याशी घोडे पाळणाऱ्या मराठी कुटुंबांनीही वाचावे म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. तुमच्यासाठी त्याचा इंग्रजी अनुवाद माझी मुलगी करून देईल.

तुमच्याआधी आलेल्या पशुवैद्यांनी घोडीचा १०५ अंश फॅरनहाइट ताप, पायांवरची सूज आणि हिरड्यांवरचा पिवळेपणा पाहून ‘व्हायरल असेल’ असा निर्वाळा दिला आणि रक्ताचा थेंबही न काढता बिल मात्र तत्परतेने पाठवले. गळ्याखाली गोचीड निघाली होती, असे आमचे वयस्क मोतद्दार सांगू लागले, तेव्हा त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही.

तुम्ही बॅग उघडण्याआधी हातमोजा काढून मोतद्दारांशी हस्तांदोलन केले, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये गोचीड कधी आणि कुठे दिसली ते विचारले आणि त्यांचे उत्तर त्यांच्या नावासह केसपेपरवर लिहून घेतले. घोडीच्या रक्ताचा थेंब पसरून रंगवलेल्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींमध्ये जीवाणूंचे तुतीच्या फळासारखे पुंजके दिसले, तेव्हाही सूक्ष्मदर्शकापाशी तुम्ही आधी त्यांनाच बोलावले. घोडी वाचली याचा आनंद आहेच, पण माझे डोळे भरून आले ते या क्षणी.

गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या ॲनाप्लाझ्मा नावाच्या या जीवाणूचा घोड्यांमधला आजार १९६९ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्याच घोड्यांवरून प्रथम नोंदवला गेला, हे तुमच्याकडून कळल्यावर आधीच्या पशुवैद्यांना तो सुचूही नये याचे मला अधिकच नवल वाटले. शिरेतून सावकाश दिलेल्या ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकानंतर दुसऱ्या दिवशीच ताप उतरला आणि घोडीने गवताला तोंड लावले. ‘काचपट्टीवर काही दिसले नसते, तरी तेवढ्यावरून आजार नाही असे मी म्हटले नसते, पीसीआर म्हणजे रक्तात जीवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी केलीच असती’, हेही तुम्ही समजावून सांगितलेत. जनावराला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्याचे ऐकून घेण्याइतकी माणुसकी हा तुमच्या विद्येचाच भाग आहे, असे मी मानते.

मोतद्दार आता खरारा करताना आयाळीत आणि शेपटीच्या बुडाशी रोज बोटे फिरवतात. सापडलेली प्रत्येक गोचीड तारखेची चिठ्ठी लावून बाटलीत ठेवतात. पुढच्या भेटीत तुम्हाला त्या दाखवायच्या आहेत, तेव्हा जरा वेळ काढून यावे.

तुमची ऋणी,
घोडीची मालकीण