बाबा, मी हवालदार झालो

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तिसरी फीत लागली हे फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे अजून साहेब नाही झालास?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून आज निवांत लिहितोय.

माझ्यासकट दहा जणांची आमची सेक्शन. अशा तीन मिळून प्लाटून. हुकूम वरून येतो, पण तो या माणसांकडून पार पाडून घेणं हवालदाराकडे. बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. गिरणीत मास्तर खात्यातून एक फेरी मारून जायचे. पण कुठल्या मागाचा आवाज बदललाय, कोणाच्या घरी आजारपण आहे, आज कोणाला अवघड माग द्यायचा नाही, हे जॉबर म्हणून तुम्हालाच ठाऊक असायचं. मी तेच करतो.

परवा रात्री गस्तीवरून परतलो. बार्शीकडचा एक पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा. विचारलं तर "सगळं ठीक" म्हणाला, पण डावा पाय जपून टाकत होता. बूट काढायला लावला. मोजा ओला, अंगठा थंडीनं मेणासारखा पांढरा, दाबलं तरी कळेना. अशा वेळी चोळायचं नसतं. पाय कोरडा केला आणि माझ्या जाकिटाच्या आत काखेत धरून बसलो. बऱ्याच वेळानं तो कळवळून ओरडला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आमचे लेफ्टनंट साहेब तेवीस वर्षांचे, हुशार आणि धाडसी. त्यांनी मलाच विचारलं, "हवालदार, उद्या याला गस्तीवर न्यायचं का?" मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं.

आई, हा हुद्दा जुना आहे गं. शिवरायांच्या पायदळात दहा पाइकांवर नाईक आणि पाच नाइकांवर हवालदार असे. आमच्या मराठा रेजिमेंटचे यशवंत घाडगे नाईकच होते. १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले, तरी ते एकटे त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या खेमकरणला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे एरवी कंपनीचं रेशन आणि सामान सांभाळणारे. त्यांच्याच हुद्द्याची फीत माझ्या बाहीवर आहे. गल्लीत कोणी विचारलं तर हवालदार झालाय असंच सांग, मला त्याचा फार अभिमान आहे.

तुम्ही दिलेली चादर सध्या त्या पोराकडे आहे. शेंगाचटणी संपली, जमलं तर जास्त पाठवा.

बाबा, एक विचारायचं होतं. खात्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तुम्ही त्याला काय सांगायचात? पुढच्या महिन्यात माझ्याकडे दोन नवीन पोरं येतायत. तेवढं आठवून लिहा.

तुमचा,
बाळू