‘मदरबोर्ड गेला’ ऐकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की पाऊस आणि शाळा-कॉलेजे एकदमच सुरू होतात, आणि दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेल्या लॅपटॉपची रांग लागते. काउंटरवर अनेकांना एकच निदान ऐकायला मिळते : ‘मदरबोर्ड गेलाय.’ कधी ते खरे असतेही. पण मदरबोर्डावर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, ठपका ठेवण्याआधी तपासण्यासारखे बरेच असते, आणि त्यातले पुष्कळसे घरच्या घरी, स्क्रूड्रायव्हर हातात न घेता तपासता येते. शिवाय दुरुस्तीच्या घाईत लॅपटॉप वाचतो आणि आतला डेटा मात्र जातो, असेही होते. या दोन्हींबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

‘चालूच होत नाही’ या एका तक्रारीत तीन निराळे बिघाड लपलेले असतात. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तो ‘नो पॉवर’. दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच, तो ‘नो डिस्प्ले’. कंपनीचा लोगो दिसतो आणि गाडी तिथेच अडते किंवा निळा पडदा येतो, तो ‘नो बूट’. या तिसऱ्या प्रकारात मदरबोर्ड बहुधा ठणठणीत असतो. लोगो उमटला म्हणजे प्रोसेसर, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि डिस्प्ले आपापली पहिली परीक्षा पास झालेले असतात. म्हणून दुकानात ‘बंद आहे’ एवढेच न सांगता कुठे अडते ते सांगावे. निम्मे निदान तिथेच होते.

नो पॉवरची सुरुवात अ‍ॅडॉप्टरपासून करावी. बॅटरी पार उतरली असेल तर प्लग लावल्या लावल्या बटण दाबण्यात अर्थ नसतो. अर्धा तास चार्जिंगला ठेवून मग पाहावे. अ‍ॅडॉप्टरवर दिवा असेल तर त्याच्याकडे नीट लक्ष द्यावे. नुसता सॉकेटला लावल्यावर दिवा लागतो, पण लॅपटॉपला पिन जोडताच विझतो, असे होत असेल तर दोनच शक्यता : अ‍ॅडॉप्टर दमला आहे किंवा लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे. त्याच रेटिंगचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला की निकाल लागतो. दुसऱ्याचाही दिवा विझला तर आतल्या शॉर्टमुळे तो स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो आहे, असे समजावे. मग ओढून-ताणून चालू करण्याचा प्रयत्न करू नये. असा शॉर्ट पुष्कळदा मोहरीएवढ्या एखाद्या कपॅसिटरमुळे असतो. चिप लेव्हलचे, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलण्याचे, काम जाणणारा कारागीर तेवढाच बदलतो. अख्खा बोर्ड बदलावा लागतोच असे नाही.

घरी मल्टिमीटर असेल तर अ‍ॅडॉप्टर मोजता येतो. डेल, एचपीच्या गोल पिनच्या अ‍ॅडॉप्टरवर बहुतेक वेळा १९.५ व्होल्ट लिहिलेले असते, लेनोव्होच्या अ‍ॅडॉप्टरवर २० व्होल्ट. इथे एक गंमत होते. स्वस्त मल्टिमीटरच्या २० व्होल्टच्या रेंजवर १९.९९ च्या पुढचा आकडा उमटतच नाही, डाव्या कोपऱ्यात नुसता ‘१’ दिसतो, आणि चांगल्या अ‍ॅडॉप्टरला खराब ठरवले जाते. डीसी २०० व्होल्टची रेंज लावावी. गोल पिनमध्ये काळी प्रोब बाहेरच्या धातूला आणि लाल प्रोब आतल्या भिंतीला टेकवावी. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नयेत. मधली बारीक सुई वीज पुरवत नाही, ती अ‍ॅडॉप्टरची ओळख लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा तिची तार आत तुटली की लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरवर चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि चालही मंदावते. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन फसणारे थोडे नसतात. आणखी एक : भार नसताना बरोबर आकडा दाखवणारा अ‍ॅडॉप्टर भाराखाली कोसळू शकतो, त्यामुळे मीटरवर पास झाला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. टाइप-सी पोर्टच्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावून ‘घेत नाही’ म्हणणेही चूकच. ६५ वॉटच्या लॅपटॉपला पॉवर डिलिव्हरीने (टाइप-सीतून जास्त व्होल्टेज देण्याच्या पद्धतीने) २० व्होल्ट आणि सव्वातीन अँपिअर लागतात. ५ किंवा ९ व्होल्टपुरता मर्यादित चार्जर ते देऊच शकत नाही.

अ‍ॅडॉप्टर ठीक निघाला तर पुढची पायरी फुकटची आहे. चार्जर काढावा, पेनड्राइव्ह, माउस वगैरे जे जोडलेले असेल ते काढावे, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढावी, आणि पॉवरचे बटण पूर्ण ३० सेकंद दाबून धरावे. मग फक्त चार्जर लावून चालू करावे. यात जादू नाही. बटण, बॅटरी, चार्जिंग, पंखा यांचा कारभार पाहणारी एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक चिप बोर्डावर असते आणि लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. व्होल्टेज वरखाली झाले की ती कधी कधी अडकते. उरलासुरला चार्ज निघून गेला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अनेक थिंकपॅडमध्ये बॅटरी आत असते, पण खालच्या बाजूला टाचणीएवढे छिद्र असते. चार्जर काढून पेपरक्लिपच्या टोकाने आतले बटण दाबले की तोच परिणाम साधतो. वीज सारखी ये-जा करणाऱ्या गावांत एवढ्यानेच उठणारे लॅपटॉप कमी नाहीत.

नो डिस्प्लेत आधी अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरून पाहावे. पुसटशी अक्षरे किंवा लोगो दिसला तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून चित्र आले तरी रोख पडदा आणि त्याच्या केबलकडेच वळतो. डेलच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘डी’ हे बटण दाबून धरून पॉवर दाबले की पडद्यावर एकामागून एक सलग रंग येतात. रंग स्वच्छ आले तर पडदा चांगला. (झाकण मिटल्याची जाणीव देणारा सेन्सर चुंबकावर चालतो. मनगटावरचा चुंबकी पट्टा किंवा चुंबकी कव्हरचा फोन की-बोर्डाच्या कडेला असला तरी पडदा विझतो. हसू येईल, पण तपासावे.)

पडदा दोषी नसेल तर पहिला संशयित रॅम. किनारपट्टीच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील सोनेरी संपर्कांवर आणि खाचेत सूक्ष्म थर बसतो आणि संपर्क तुटक होतो. लॅपटॉप हे सांगतही असतो, आपण ऐकत नाही. डेलचा दिवा दोनदा पिवळसर आणि तीनदा पांढरा लुकलुकला तर रॅम सापडत नाही, दोनदा पिवळसर आणि चारदा पांढरा तर रॅम सदोष, दोन आणि सात तर पडद्याचा दोष. एचपीच्या पुष्कळ मॉडेलांत कॅप्स लॉकचा दिवा तीन लांब आणि दोन छोटे इशारे देतो, तोही रॅमकडेच बोट दाखवतो. या लुकलुकीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून दुकानात दाखवावा. शंभर शब्दांपेक्षा तो कामाचा.

मागचे झाकण उघडण्याची सवय असेल तर आधी आतली बॅटरी सुटी करावी, मगच रॅमला हात लावावा. दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की पट्टी तिरकी उभी राहते. ती काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने संपर्क पुसावेत, वाळू द्यावेत, पट्टी तिरकीच आत सारून खाली दाबावी. ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. खोडरबराने घासण्याचा उपाय सर्वतोमुखी आहे. तो चालतोही, पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत अडकला तर नवेच दुखणे उभे राहते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, आणि दोन्ही खाचांत. डीडीआर-५ या नव्या पिढीची रॅम काढून-घालून झाल्यावर पहिल्यांदा पडदा मिनिटभर किंवा जास्तही काळा राहू शकतो, कारण लॅपटॉप नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून मध्येच बंद करू नये.

नो बूटमध्ये आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरावे. त्यासाठी चालू करताच दाबायचे बटण : डेल, एसर, आसुसमध्ये सहसा एफ-२, एचपीत एफ-१०, लेनोव्होत एफ-१ किंवा एफ-२. तिथे एसएसडीचे (ज्या ड्राइव्हवर विंडोज आणि फायली असतात त्याचे) नाव दिसते का आणि तारीख बरोबर आहे का, एवढेच पाहावे. नाव दिसत नसेल तर ड्राइव्ह सैल झाला आहे किंवा मेला आहे. तारीख काही वर्षे मागे गेली असेल तर बोर्डावरचा तीन व्होल्टचा छोटा सेल संपला आहे. हा सेल स्वस्त, पण उपद्व्याप मोठा करतो : बायोस मूळ सेटिंगवर जातो, एसएसडीशी बोलण्याची पद्धत ‘एएचसीआय’ऐवजी ‘रेड’ होते किंवा उलट, आणि विंडोज निळा पडदा दाखवून ‘बूट डिव्हाइस उघडता येत नाही’ म्हणते. सेटिंग पूर्ववत केले की विंडोज मुकाट्याने सुरू होते. इथे विंडोज नव्याने टाकणे म्हणजे डोके दुखते म्हणून केस कापण्यासारखे.

एसएसडी दिसत असूनही विंडोज चढत नसेल तर लोगोनंतर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा. असे लागोपाठ दोन-तीनदा झाले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा उघडते. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचे अपडेट काढणे, मग सेफ मोड (कमीत कमी गोष्टींसह विंडोज सुरू करणे), या क्रमाने जावे. ‘रिसेट’ हा पर्याय सगळ्यात शेवटी, आणि डेटा बाहेर काढल्यावरच.

डेटाच्या बाबतीत एक गोष्ट आजच, लॅपटॉप चालू असतानाच करावी. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केले की ड्राइव्हवर बहुधा आपोआप कुलूप (बिटलॉकर एन्क्रिप्शन) पडते. मालकाला त्याचा पत्ता नसतो. त्याची किल्ली ४८ आकडी असते आणि त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ‘रिकव्हरी की’ या नावाने जमा असते. ती कागदावर उतरवून ठेवावी. मदरबोर्ड बदलला की, आणि कधी कधी बायोस अपडेट झाल्यावरही, विंडोज ती मागते. एरवी हे कुलूप आपोआप उघडणारी किल्ली जुन्या बोर्डावरील टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते, ती बोर्डाबरोबरच जाते. म्हणजे नवा बोर्ड बसला, लॅपटॉप उठला, आणि किल्ली नाही म्हणून फायली कायमच्या बंद, असे होऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याचा होता, पण कुलूपबंद यंत्रांत आधी ही किल्ली लागत होती.

कुलूप नसेल किंवा किल्ली हाताशी असेल तर, एसएसडी बोर्डावर जडवलेली नसल्यास, ती काढून यूएसबीच्या डबीत घालता येते आणि दुसऱ्या संगणकावर फायली उतरवता येतात. डबी घेताना ड्राइव्ह एनव्हीएमई आहे की साटा (संगणकाशी जोडण्याच्या दोन पद्धती), हे त्यावरच्या लेबलवर पाहून घ्यावे. पट्टीच्या आकाराच्या एसएसडी दोन्ही प्रकारांत दिसायला सारख्याच असतात आणि सगळ्या डब्या दोन्ही घेत नाहीत.

चहा किंवा पावसाचे पाणी सांडले असेल तर वरचे सगळे विसरावे. चार्जर काढावा, बटण दाबून धरून बंद करावा, बॅटरी सुटी करता येत असेल तर करावी, उलटा तंबूसारखा ठेवावा आणि तसाच दुकानात न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने काही साधत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते. ‘चालू होतो का पाहू’ म्हणून बटण दाबणे सर्वांत महागात पडते, कारण पाण्याइतकेच नुकसान ओल्या बोर्डातून वाहणारी वीज करते. गोड चहा तर वाळल्यावरही संपर्क कुरतडत राहतो, म्हणून बोर्ड उघडून धुवावाच लागतो.

दुकानात देताना जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : बिघाड कुठल्या प्रकारचा, रॅम किती, एसएसडीचा अनुक्रमांक, आणि ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ ही सूचना. मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले तर कुठल्या भागावर किती व्होल्टेज मिळाले, हे विचारावे. ज्याने खरोखर मोजले आहे त्याला उत्तर द्यायला अर्धे मिनिट पुरते. वॉरंटी असेल तर झाकण उघडण्याआधी कंपनीकडेच जावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. बॅटरी मात्र फुगलेली निघाली, म्हणजे टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर ती घरी नेऊ नये, दाबू नये, टोचू नये. दुकानदारालाच ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायला सांगावी.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्तीकार, चिपळूण